वर्तुळखंदक व बॅरो : हवाई छायाचित्रांवरून वाचन

जमिनीवरून न दिसणारे बुजलेले गोल खंदक आणि नांगरटीने सपाट झालेली प्राचीन दफनटेकाडे (बॅरो) विमानातून वा ड्रोनने काढलेल्या छायाचित्रांत ओळखून त्यांचा नकाशा करण्याची पुरातत्त्वीय पद्धत. ती मुख्यतः इंग्लंडमध्ये रुजली. ओ. जी. एस. क्रॉफर्ड व अलेक्झांडर कीलर यांचा 'वेसेक्स फ्रॉम द एअर' (१९२८) हा या विषयातला पायाभूत ग्रंथ.

कांस्ययुगात मृताभोवती गोल खंदक खणून निघालेली माती मधोमध रचत. शेकडो वर्षे नांगर फिरला की टेकाड जाते. खंदक मात्र गाळमातीने भरून खाली तसाच राहतो. उन्हाळा कोरडा गेला की या भरावात ओल टिकते. त्यावरचे बार्लीचे पीक जास्त उंच वाढते आणि शेजारचे पिवळे पडले तरी हिरवे राहते. कधी इतके माजते की लोळते. दगडी पायावर उलटे घडते, तिथे पीक खुजे राहून लवकर वाळते. या पीकखुणा खडूच्या किंवा वाळू-गोट्यांच्या जमिनीत उत्तम उमटतात, चिकणमातीत क्वचित. बार्ली सर्वांत बोलकी. गवत फक्त कडक दुष्काळात बोलते. हिवाळ्यात नांगरलेल्या रानात मातीचा रंग वाचायचा आणि न मोडलेल्या टेकाडांसाठी सकाळ-संध्याकाळची लांब सावली.

सावलीचे चित्र हाती घेताना सावल्या आपल्याकडे पडतील असे धरावे. उत्तर वर ठेवण्याची नकाशाची सवय इथे नडते. इंग्लंडमध्ये सावल्या उत्तरेकडे पडत असल्याने तसे धरल्यास टेकाड खड्ड्यासारखे भासते. उभ्या, म्हणजे सरळ खाली रोखून काढलेल्या, छायाचित्रांची साधारण ६० टक्के एकमेकांवर येणारी जोडी स्टिरिओस्कोपखाली (दोन चित्रांतून उंची-खोली दाखवणाऱ्या भिंगांच्या उपकरणाखाली) ठेवली की हा घोळ बव्हंशी मिटतो.

खरा कस वर्तुळ कशाचे आहे हे ठरवताना लागतो. नुसत्या गोलावरून बॅरो म्हणणे हा नवख्यांचा हमखास दोष. बॅरोचा खंदक बहुधा रुंद व अखंड असतो, मध्ये कधी कबरीचा काळसर ठिपका, आणि शेजारी तशीच आणखी वर्तुळे. लोहयुगीन गोल घराची चर अरुंद, व्यास बहुधा १५ मीटरच्या आत, दार पूर्वेला किंवा आग्नेयेला. हेंजमध्ये, म्हणजे खंदक-बांधाने वेढलेल्या प्राचीन गोल विधिस्थळात, बांध खंदकाच्या बाहेर असतो. आत फुलीसारखा चर दिसला तर ती जुन्या पवनचक्कीची बैठक. भूछत्रांचे कडे वर्षागणिक पसरते, खुंटाला बांधलेले जनावर गोल चरते, आणि दुसऱ्या महायुद्धातल्या सर्चलाइटच्या तळांनीही वर्तुळे सोडली आहेत. म्हणून एकाच शेताची वेगवेगळ्या वर्षांची छायाचित्रे, विशेषतः १९४० च्या दशकातली, शेजारी ठेवून पाहावी.

वुडहेंज हे याचे बोधप्रद उदाहरण. स्टोनहेंजजवळची ही जागा पूर्वी मोडका बॅरो समजली जाई. १९२५ च्या डिसेंबरात वैमानिक गिल्बर्ट इन्सॉल यांना वरून नांगरटीत पांढरे ठिपके दिसले. पुढच्या उन्हाळ्यात गव्हाच्या पिकात त्यांची वर्तुळे स्पष्ट झाली. उत्खननात लाकडी खांबांच्या खड्ड्यांची सहा एककेंद्री कडी निघाली.

तिरप्या छायाचित्रात वर्तुळ लंबगोल होते, म्हणून मापाआधी ते नकाशावर बसवावे लागते. सपाट जमिनीत छायाचित्र व नकाशा दोन्हींत ओळखू येणारे निदान चार बिंदू हवेत आणि ते खुणेच्या चारी बाजूंना. सगळे एकीकडे घेतले तर दुसरी बाजू सरकते. शेताचा कोपरा चालतो, घराचे छप्पर नाही, कारण उंचीमुळे ते जागेवरून हललेले दिसते. उतारावर उंचीचे प्रारूपही (जमिनीचे चढउतार दाखवणारी आकडेवारी) लागते. व्यास खंदकाच्या मध्यरेषेपासून मध्यरेषेपर्यंत मोजावा, कारण पिकातली कड फिसकटलेली असते.

काळ छायाचित्रावरून ठरत नाही. ते काम उत्खननाचे. खूण नाही म्हणजे अवशेष नाही, असेही नव्हे.

विदर्भातील जुनापाणी, माहुरझरी येथील महापाषाणीय शिलावर्तुळे वरून दिसायला अशीच, पण तिथे वर्तुळ जमिनीवर मांडलेल्या दगडांचे असते, त्यामुळे खुणेसाठी पिकाची गरज नाही. महाराष्ट्रातल्या जुन्या वस्तीच्या टेकाडांना गावकरी 'पांढरी' म्हणतात. काळ्या रानात ही राखट माती वरूनही वेगळी उठून दिसते.