कोपराला काय दिसते?

‘तुम्हाला सगळा काळोखच दिसत असेल ना?’ हा प्रश्न डोळस माणसे जन्मांधांना हमखास विचारतात. त्यावर काही जण उलट विचारतात, ‘तुमच्या कोपराला काय दिसते?’ कोपराला काळोख दिसत नाही, कारण त्याला काहीच दिसत नाही. डोळ्यांपुढे काळा पडदा टांगलेला असणार, ही कल्पना ज्याने उजेड पाहिला आहे त्याचीच असते.

दृष्टी नंतर गेलेल्यांचे वर्णन निराळे असते. बीबीसीचे पत्रकार डेमन रोझ यांनी २०१५ मध्ये लिहिले की, आपल्याला सतत रंगीत प्रकाश दिसतो आणि उणीव भासते ती अंधाराचीच. डोळ्यांकडून संदेश येणे थांबले तरी मेंदूचा दृष्टीशी संबंधित भाग गप्प बसत नाही. स्विस निसर्गअभ्यासक शार्ल बोने यांनी १७६० मध्ये आपल्या आजोबांविषयी नोंद केली होती: मोतीबिंदूने दृष्टी मंदावलेल्या त्या शहाण्यासुरत्या वृद्धाला समोर नसलेली माणसे आणि इमारती दिसत असत. लोक वेडा म्हणतील या धास्तीने असे अनुभव आजही अनेक जण लपवतात, आणि त्यामुळे डॉक्टरांनाही ते कळत नाहीत.

शिवाय अंध म्हणवणाऱ्या बहुतेकांना थोडेफार दिसते. डोळ्याच्या पडद्याचा मध्यभाग बिघडला तर शेजाऱ्याचा चेहरा ओळखू येत नाही, पण वाटेतला खांब मात्र सहज चुकवता येतो. हे ठाऊक नसलेल्यांना ते सोंग वाटते.

मग डोळ्यांवर पट्टी बांधून चालून पाहिले तर अंधत्व समजेल, असे कोणालाही वाटेल. पांढरी काठी दिनाला, १५ ऑक्टोबरला, असे कार्यक्रम सद्हेतूनेच होतात. परंतु स्वतः अंध असलेल्या मानसशास्त्रज्ञ एरिएल सिल्व्हरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत उलटेच आढळले: पट्टी बांधून वावरलेल्यांनी अंध व्यक्तींची नोकरी करण्याची आणि स्वतंत्र राहण्याची क्षमता इतरांपेक्षा कमी लेखली. कारण उघड आहे. आंधळ्या कोशिंबिरीत राज्य आलेल्या मुलाला अंधत्वाचे पहिले पाचच क्षण भेटतात, म्हणजे चाचपडणे आणि धडपडणे; काठीच्या टोकाने जमिनीचा पोत वाचण्याचा अनेक वर्षांचा सराव त्याच्या गाठीशी नसतो. नवशिक्याच्या भीतीलाच तो मुरलेल्या माणसाचे आयुष्य समजून बसतो. व्यक्तिशः मला म्हणूनच पट्टीपेक्षा वर्णन अधिक विश्वासार्ह वाटते.

बर्मिंगहॅम विद्यापीठातील प्राध्यापक जॉन हल यांची दृष्टी प्रौढ वयात पूर्ण गेली. दारात उभे राहून ऐकलेल्या पावसाविषयी त्यांनी लिहिले आहे. एरवी अंधाला बाग असते ती हाताला लागेल तेवढीच. पाऊस आला की छपरावर, झुडपांवर, हिरवळीवर आणि फरसबंद वाटेवर तो वेगवेगळ्या आवाजांत पडू लागतो, आणि त्या आवाजांतून अख्खी बाग आपल्या उंचसखल आकारासह एकदम समोर उभी राहते.