फ्लीटवूड मॅक : ‘रूमर्स’च्या दहा वर्षं आधी

फ्लीटवूड मॅक म्हटलं की बहुतेकांना १९७७ चा ‘रूमर्स’ हा अल्बम आणि गायिका स्टीव्ही निक्सचा आवाज आठवतो. तोवर या बँडने जवळपास दहा वर्षं काढली होती आणि तो उभा करणारा गिटारवादक पीटर ग्रीन केव्हाच बाहेर पडला होता. त्याच्या काळातला बँड हा अस्सल ब्लूज, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं संगीत, वाजवणारा बँड होता, आणि माझ्या मते इंग्लंडमधला सगळ्यात हळवा.

अमेरिकेचा ब्लूज गायक-गिटारवादक मडी वॉटर्स १९५८ मध्ये इंग्लंडला आला तेव्हा त्याच्या इलेक्ट्रिक गिटारने काही श्रोते बिचकले होते. पण तरुण पोरांनी तोच आवाज उचलला. मार्च १९६२ मध्ये ॲलेक्सिस कॉर्नर आणि सिरिल डेव्हिस यांनी लंडनच्या ईलिंग भागात ब्लूजचा क्लब सुरू केला. पुढे ‘रोलिंग स्टोन्स’मध्ये गाजलेल्या मिक जॅगर आणि कीथ रिचर्ड्स यांची ब्रायन जोन्सशी गाठ तिथेच पडली. पुढे जॉन मेयॉलचा ‘ब्लूजब्रेकर्स’ हा बँड ही या पिढीची तालीम ठरली. १९६६ मध्ये गिटारवादक एरिक क्लॅप्टन ‘क्रीम’ हा बँड काढायला तिथून निघाला आणि त्याच्या जागी आला ग्रीन, बेथनल ग्रीनच्या ज्यू कुटुंबातला, विशीही न गाठलेला.

वर्षभरात त्याने स्वतःचा बँड काढला, पण नाव दिलं ठेका धरणाऱ्या दोघांचं : ड्रमर मिक फ्लीटवूड आणि बेसवादक जॉन मॅकव्ही. गंमत म्हणजे मॅकव्ही तेव्हा मेयॉलकडेच होता. ऑगस्ट १९६७ मध्ये विंडसरच्या महोत्सवात बँड पहिल्यांदा वाजला तेव्हा बेसवर बॉब ब्रनिंग होता. मॅकव्ही नंतर आला. पुढे माणसं बदलत गेली तरी हे दोघे टिकले, म्हणून नावही टिकलं.

आवाज वाढवत नेण्याच्या त्या काळात ग्रीन सूर राखून वाजवायचा. एक सूर लावायचा, त्याला विरू द्यायचा, मग पुढचा. त्याच्या १९५९ च्या लेस पॉल गिटारमधल्या एका पिकअपचं (तारांची कंपनं टिपणाऱ्या भागाचं) चुंबक उलटं बसलं होतं. दोन्ही पिकअप एकत्र लावले की नाकातून निघाल्यासारखा पोकळ सूर यायचा. ‘अल्बट्रॉस’ या वाद्यसंगीतात एक शब्द नाही, तरी १९६९ च्या सुरुवातीला ते ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर होतं. त्याच जानेवारीत बँडने शिकागोच्या चेस स्टुडिओत ओटिस स्पॅन, विली डिक्सन आणि बडी गाय यांच्यासोबत रेकॉर्डिंग केलं. ज्यांच्या तबकड्या ऐकून शिकले, त्यांच्याच शेजारी बसून वाजवणं!

यश ग्रीनला मानवलं नाही. मिळालेला पैसा वाटून टाकावा असं त्याला वाटत होतं, बाकीच्यांना ते पटेना. मे १९७० मध्ये तो बाहेर पडला. पुढे मानसिक आजाराने त्याची बरीच वर्षं खाल्ली.

त्याची गाणी मात्र फिरत राहिली. सँटानाने १९७० मध्ये ‘ब्लॅक मॅजिक वुमन’ जगभर नेलं. ते मूळचं ग्रीनचं, हे आजही अनेकांना ठाऊक नसतं. त्याचंच ‘द ग्रीन मॅनालिशी’ ज्युडास प्रीस्ट या बँडने हेवी मेटलमध्ये आणलं. त्याची ती लेस पॉल गिटार गिटारवादक गॅरी मूरकडे गेली, त्याने १९९५ मध्ये ग्रीनच्या गाण्यांचा अख्खा अल्बम केला, आणि आता ती मेटॅलिका बँडच्या कर्क हॅमेटकडे आहे. फेब्रुवारी २०२० मध्ये मिक फ्लीटवूडने लंडनच्या पॅलेडियममध्ये ग्रीनच्या सन्मानार्थ मैफल भरवली, तेव्हा हॅमेटने ‘मॅनालिशी’ त्याच गिटारवर वाजवलं. ग्रीन त्याच वर्षी जुलैमध्ये गेला.