संगणकाच्या कॅबिनेटमधली वाऱ्याची वाट

कपड्यांची साधी इस्त्री १००० वॅट वीज घेते आणि तिची उष्णता साधारण १८० चौरस सेंटिमीटरच्या तळावर पसरते, म्हणजे चौरस सेंटिमीटरमागे साडेपाच वॅट. घरी जुळवलेल्या संगणकातला मधल्या किमतीचा प्रोसेसर त्या मानाने किरकोळ वाटतो, कारण त्याच्या खोक्यावर ६५ वॅट एवढाच आकडा असतो. पण धातूच्या झाकणाखालची सिलिकॉनची चिप जेमतेम दीड चौरस सेंटिमीटर असते आणि हिशेब केला तर तिथे चौरस सेंटिमीटरमागे चाळीस वॅटच्या वर उष्णता निघते. इस्त्रीच्या आठपट दाटीची ही उष्णता सतत काढून घेतली नाही, तर चिपचे तापमान काही क्षणांत शंभर अंशांच्या आसपास पोहोचते. तरी आजचे प्रोसेसर जळत नाहीत. ते आपला वेग स्वतःच कमी करतात, आणि मालकाला फक्त एवढेच जाणवते की महागडे यंत्र ऐन कामाच्या वेळी रेंगाळते आहे.

चिपमधून निघालेली उष्णता आधी झाकणात, मग हीटसिंकच्या, म्हणजे झाकणावर बसवलेल्या धातूच्या ठोकळ्याच्या बुडाशी आणि तिथून त्याच्या पातळ पात्यांमध्ये जाते. झाकण आणि हीटसिंक हे दोन्ही पृष्ठभाग डोळ्यांना गुळगुळीत दिसले तरी त्यांत सूक्ष्म खाचा असतात आणि त्या खाचांत हवा अडकते. हवा ही तांब्याच्या तुलनेत सुमारे पंधरा हजार पटींनी कमी उष्णता वाहून नेते, त्यामुळे तिला तिथून हाकलण्यासाठी थर्मल पेस्ट लावतात. ही पेस्टही तांब्यापुढे मंदच असते, म्हणून ती वाटाण्याएवढी पुरते. लोण्यासारखी थापली तर तीच अडथळा होते. हीटसिंकच्या बुडाला चिकटवलेली पारदर्शक प्लॅस्टिकची पट्टी काढायला विसरणे ही पहिल्यांदा संगणक जुळवणाऱ्यांची नेहमीची चूक आहे, आणि ती मीही केलेली आहे.

मोठ्या हीटसिंकमधून आरपार जाणाऱ्या तांब्याच्या नळ्या भरीव नसतात. त्यांच्या आत कमी दाबाखाली थोडेसे पाणी असते; गरम टोकाला त्याची वाफ होते, थंड टोकाला ती पुन्हा पाणी होते आणि नळीच्या आतल्या सच्छिद्र अस्तरातून ते पाणी मूळ जागी परत येते. अमेरिकेत लॉस अलामॉसच्या प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर यांनी १९६३ मध्ये ही नळी प्रत्यक्षात आणली. तिने आणलेली उष्णता पन्नासेक पातळ पात्यांवर पसरते. बारा सेंटिमीटर लांब आणि पाच रुंद अशा पन्नास पात्यांच्या दोन्ही बाजू मोजल्या तर सहा हजार चौरस सेंटिमीटर भरतात, म्हणजे एका कॅरम बोर्डापेक्षा थोडे जास्तच क्षेत्र मुठीत मावणाऱ्या पंख्यापुढे उभे केलेले असते.

बहुतेकांचे लक्ष इथपर्यंत असते. चांगला कूलर, म्हणजे हीटसिंक आणि त्याचा पंखा, घेतला की काम झाले, अशी समजूत असते. परंतु कूलर उष्णता नष्ट करत नाही, तो ती फक्त कॅबिनेटमधल्या हवेला देतो. ती हवा बाहेर गेली नाही, तर कूलर तीच गरम हवा पुन्हा पुन्हा पात्यांतून फिरवत राहतो.

बाहेर किती हवा जायला हवी, हे घरच्या घरी मोजता येते. एक लिटर हवेचे तापमान एका अंशाने वाढवायला साधारण १.२ ज्यूल उष्णता लागते. समजा, एखादा जड खेळ चालू असताना प्रोसेसर ८० वॅट, ग्राफिक्स कार्ड २२० वॅट आणि बाकीचे भाग मिळून ५० वॅट घेत आहेत. ही सगळी वीज शेवटी उष्णताच होते, म्हणजे सेकंदाला ३५० ज्यूल. आतली हवा खोलीपेक्षा दहाच अंशांनी गरम व्हावी असे वाटत असेल, तर सेकंदाला सुमारे ३० लिटर हवा आतून बाहेर गेली पाहिजे. नेहमीच्या मिड टॉवर कॅबिनेटचे आकारमान ४५ लिटरच्या घरात असते, म्हणजे त्यातली सगळी हवा दर दीड सेकंदाला बदलायला हवी. हाच प्रवाह अर्धा झाला तर वाढ वीस अंशांची होते. उलट तो दुप्पट केला तर वाढ दहावरून पाचवर येते, म्हणजे पदरात पाचच अंश पडतात. सहावा आणि सातवा पंखा लावणाऱ्याची निराशा का होते, याचे उत्तर या हिशेबात आहे.

पंख्याच्या खोक्यावर हवेचा प्रवाह मिनिटाला घनफुटांत छापलेला असतो आणि १२० मिलिमीटरच्या चांगल्या पंख्यावर साठचा आकडा सहज दिसतो, जो सेकंदाला २८ लिटर इतका होतो. मात्र हा आकडा पंखा मोकळ्या हवेत, पुढे-मागे काहीही नसताना मोजलेला असतो. जाळी, धूळगाळणी आणि केबलींचा गुंता यांतून हवा ओढताना तो बराच खाली येतो, म्हणूनच दोन पंखे हवा आत घेणारे आणि एक बाहेर टाकणारा ही जुनी रचना वर मांडलेल्या संगणकाला सहसा पुरते. पंखा बसवताना त्याची दिशा नीट पाहावी लागते: मोटर धरून ठेवणाऱ्या आडव्या दांड्या ज्या बाजूला असतात, त्या बाजूने हवा बाहेर पडते.

खरा प्रश्न पंख्यांना श्वास घ्यायला जागा आहे का, हा आहे. सध्या पुण्याच्या तापकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर गेलात, तर पुढच्या बाजूला अखंड काच आणि तिच्यामागे रंगीत दिव्यांचे तीन पंखे असलेली कॅबिनेट रांगेने मांडलेली दिसतात. एका १२० मिलिमीटरच्या पंख्याचे उघडे क्षेत्र, मधला गोळा वगळून, नव्वदेक चौरस सेंटिमीटर असते. तीन पंख्यांना मिळून २७० हवेत. काचेच्या दोन्ही कडांना सेंटिमीटरभर रुंद आणि चाळीस सेंटिमीटर उंच फटी असल्या, तरी हवेला मिळतात फक्त ८० चौरस सेंटिमीटर. तीन माणसांनी एकाच नळीने उसाचा रस ओढण्यासारखा हा प्रकार आहे. पुढे नुसती जाळी असलेले, दिसायला ओबडधोबड कॅबिनेट बहुधा कमी पैशांत मिळते आणि काम अधिक चोख करते. आपल्या कॅबिनेटचा दोष ओळखायची एक सोपी खूण आहे: बाजूचे झाकण काढल्यावर तापमान झटकन सात-आठ अंश उतरले, तर हवा आत येण्याची वाट अडलेली आहे.

गरम हवा वर जाते, म्हणून हवेचा प्रवाह खालून वरच हवा, असे ठासून सांगितले जाते. ते चूक नाही, पण त्याचे वजन फार थोडे आहे. अर्धा मीटर उंचीच्या कॅबिनेटमध्ये आत-बाहेर दहा अंशांचा फरक असला, तर त्यातून वर ढकलणारा दाब जेमतेम ०.२ पास्कल भरतो. साधा पंखा दहा ते वीस पास्कलपर्यंत दाब निर्माण करू शकतो. त्यामुळे पंखे वळवतील तिकडे हवा निमूट वळते. वरच्या झाकणाला अगदी पुढच्या कोपऱ्यात हवा बाहेर फेकणारा पंखा लावला, तर तो पुढून आलेली ताजी हवा प्रोसेसरपर्यंत पोहोचण्याआधीच बाहेर घालवतो. तो पंखा मागच्या कोपऱ्याकडे सरकवला की हवेला कॅबिनेटभर चालावे लागते.

आवाजाचे गणितही मजेशीर आहे. एकासारखे दोन पंखे लावले तर आवाज तीन डेसिबलने वाढतो, पण पंख्याचा वेग निम्मा केला तर तो साधारण पंधरा डेसिबलने उतरतो. प्रवाह वेगाच्या प्रमाणात कमी होतो, म्हणून एक पंखा जोरात पळवण्यापेक्षा दोन हळू फिरवणे कानाला कितीतरी सुसह्य ठरते.

आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्यापेक्षा थोडी जास्त ठेवली, तर कॅबिनेटच्या फटीफटीतून हवा बाहेर झिरपते आणि धूळ गाळणीवरच अडकते. उलट केले तर प्रत्येक फट धूळ ओढू लागते. शेजारी इमारतीचे बांधकाम चालू असेल, तर ही गाळणी पंधरा दिवसांत करडी होते. ब्लोअरने पंखा साफ करताना त्याचे पाते बोटाने धरावे, नाहीतर तो भलत्या वेगाने भिरभिरतो आणि बेअरिंग खराब होते.

हे सगळे केले तरी खोलीचे तापमान हा पाया सुटत नाही. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडे खोलीतच अडतीस अंश असतील, तर कितीही पंख्यांनी आतली हवा त्याखाली जाणार नाही. तिकडच्या घरांत डेझर्ट कूलर चालतो. त्याच्या दमट हवेने आत पाणी साचेल ही भीती मात्र अनाठायी आहे, कारण संगणकाचे भाग हवेपेक्षा गरम असतात आणि दव गार पृष्ठभागावर धरते. कूलरचे तुषार थेट आत जाणार नाहीत, एवढे पाहिले म्हणजे झाले.

माझा संगणक टेबलाखालच्या कप्प्यात, पाठ भिंतीला टेकवून ठेवलेला होता. पंखे योग्य दिशेला होते, पुढे जाळी होती, तरी तापमान उतरेना. एका संध्याकाळी पेटती उदबत्ती मागच्या पंख्याजवळ धरली, तेव्हा धूर भिंतीवर आपटून कॅबिनेटच्या कडेने पुढे आला आणि जाळीतून पुन्हा आत शिरला. संगणक कप्प्यातून काढून भिंतीपासून वीतभर पुढे, जमिनीवर एका लाकडी पाटावर ठेवला. दुसऱ्या उदबत्तीचा धूर मागून सरळ खिडकीकडे गेला.