बल्बचा कायदा काय मोजत नाही

अमेरिकेत २००७ साली जॉर्ज बुश यांच्या सहीने ऊर्जा कायदा झाला आणि साध्या पिवळ्या बल्बवरून राजकारण पेटलं. घरात कोणता दिवा लावायचा हे सरकार ठरवणार का, असा विरोधकांचा सवाल होता. २००८ मध्ये खासदार मिशेल बाकमन यांनी तर दिवा निवडण्याच्या स्वातंत्र्याचं विधेयकच मांडलं.

खरं तर कायद्याने १०० वॅटच्या बल्बइतका उजेड ७२ वॅटमध्ये मागितला होता, आणि हॅलोजनला, म्हणजे तारेच्याच सुधारित बल्बला, ते जमत होतं. तारेच्या बल्बला बाजारातून घालवलं ते वॅटमागे किमान ४५ ल्युमेनच्या (ल्युमेन म्हणजे उजेडाचं माप) अटीने. ट्रम्प सरकारने २०१९ मध्ये ती रोखली, बायडेन सरकारने परत आणली आणि ऑगस्ट २०२३ पासून ती पूर्णपणे लागू झाली.

जुना ६० वॅटचा बल्ब सुमारे ८०० ल्युमेन देतो, म्हणजे वॅटमागे जेमतेम तेरा-चौदा. टंगस्टनची तार सुमारे अडीच हजार अंश सेल्सिअसला तापते, आणि त्या तापमानाला बहुतेक ऊर्जा डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांतून निघून जाते. तार आणखी तापवली तर उजेड वाढतो, पण ती लवकर झिजून तुटते. एलईडी तेवढाच उजेड नऊ-दहा वॅटमध्ये देतो. म्हणून मला ही अट योग्यच वाटते. वाया गेलेल्या विजेचं बिल ग्राहक भरतो, पण तिच्यासाठी जळलेल्या कोळशाचा धूर शेजाऱ्यालाही सोसावा लागतो.

मात्र नवा उजेड डोळ्यांना बरा वाटत नाही, ही तक्रार खोटी नव्हती. पांढरा एलईडी म्हणजे सहसा निळी चिप आणि तिच्यावर पिवळ्या फॉस्फरचा, म्हणजे निळ्या उजेडाचा काही भाग पिवळा करणाऱ्या पदार्थाचा, थर. स्वस्त दिव्यात लाल भाग कमी पडतो, म्हणून टोमॅटो आणि कुंकू मळकट दिसतं. रंग किती खरे दिसतात ते सांगणारा सीआरआय हा आकडा काढताना आठ फिके रंग तपासतात, गडद लाल त्यात नसतोच!

भारताने बंदीऐवजी किमतीचा रस्ता धरला. सरकारच्या उजाला योजनेत घाऊक खरेदीमुळे एलईडीचा दर ३१० रुपयांवरून २०१६ पर्यंत ३८ रुपयांवर आला. आपल्याकडे दिव्याच्या खोक्यावर असतात ते स्टारही वॅटमागचे ल्युमेनच मोजतात, रंग नाही. त्यामुळे घेताना खोक्यावर सीआरआय ९० किंवा जास्त आहे का बघा, आणि दुकानात पेटवलेल्या दिव्यासमोर मोबाइलचा कॅमेरा धरा. पडद्यावर काळे पट्टे सरकत असतील तर तो दिवा लुकलुकतोय, दुसरा मागा.