मेरी ॲनिंगचा पहिला शोध: खुलासा

'बारा वर्षांच्या मेरी ॲनिंगने समुद्रकिनाऱ्यावर फिरताना जगातला पहिला इक्थिओसॉर शोधला', असं या इंग्रज जीवाश्मशोधक स्त्रीबद्दल मुलांच्या पुस्तकांत वर्षानुवर्षं छापलं जातं. ते खरं नाही. इंग्लंडमधल्या लाइम रीजिसच्या कड्यात १८११ साली या प्राचीन सागरी सरीसृपाची (डायनोसॉर नव्हे) चार फुटी कवटी सापडली ती तिचा भाऊ जोसेफ याला. उरलेला सांगाडा मेरीने पुढच्या वर्षी शोधला. इक्थिओसॉरची सुटी हाडं तर त्याच्याही शंभर वर्षं आधीपासून माहीत होती.

या गोष्टीत मेरी नशीबवान पोरगी होऊन बसते, याचं मला जास्त वाईट वाटतं. तिचं आयुष्य कष्टाचं होतं. वडील १८१० मध्ये कर्ज मागे ठेवून गेले. जीवाश्म विकून घर चालायचं. हिवाळ्यात दरडी कोसळल्या की नवे थर उघडे पडत, म्हणून धोक्याच्या त्याच दिवसांत ती कड्याखाली जायची. १८३३ मध्ये तिचा कुत्रा ट्रे तिच्या डोळ्यांदेखत दरडीखाली गेला. शोधनिबंध हाताने उतरवून घ्यायची, जीवाश्म समजावेत म्हणून मासे चिरून पाहायची. १८२३ मध्ये तिने प्लेसिओसॉर या दुसऱ्या सागरी सरीसृपाचा जवळजवळ अख्खा सांगाडा काढला. त्याच्या लांबलचक मानेवर खुद्द क्युव्हिए या नामवंत फ्रेंच शास्त्रज्ञाने शंका घेतली, नंतर मागे घेतली. १८२४ मध्ये लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीत (भूशास्त्रज्ञांच्या संस्थेत) भूशास्त्रज्ञ कॉनिबेअरने तो सांगाडा मांडला. तिथे स्त्रियांना सभासदत्व नव्हतं, आणि मेरीचं नावही घेतलं गेलं नाही.