मधुमेह, नायट्रिक ऑक्साइड आणि माजी सैनिकांची अपिले

अमेरिकेत लष्करी सेवेमुळे आलेल्या अपंगत्वासाठी माजी सैनिकांना सरकारकडून दरमहा भरपाई मिळते. दावा फेटाळला गेला, तर ‘बोर्ड ऑफ व्हेटरन्स अपील्स’ या मंडळाकडे दाद मागता येते आणि मंडळाचे निर्णय अर्जदाराचे नाव वगळून प्रसिद्ध होत असल्याने ते कोणालाही वाचता येतात. लिंगाची ताठरता गमावल्याच्या, म्हणजे ‘इरेक्टाइल डिसफंक्शन’च्या प्रकरणांत एक युक्तिवाद वारंवार आढळतो. सैनिकाला मधुमेह आहे हे मान्य असते, तो सेवेमुळे झाला हेही मान्य असते. तरीही ताठरता गेली ती वयामुळे, असा शेरा तपासणी करणारे डॉक्टर एका ओळीत मारून मोकळे होतात. हा शेरा शरीरक्रियाशास्त्राच्या कसोटीवर का उतरत नाही, हे समजून घेण्यासारखे आहे.

आधी कायद्याची बाजू थोडक्यात पाहू. १९६२ ते १९७१ या काळात अमेरिकी सैन्याने व्हिएतनाममध्ये जंगले आणि पिके नष्ट करण्यासाठी तणनाशके फवारली. त्यांतल्या ‘एजंट ऑरेंज’मध्ये डायॉक्सिन हे अत्यंत विषारी रसायन मिसळलेले होते. २००१ मध्ये टाइप २ मधुमेहाचा समावेश या फवारणीशी संबंधित मानल्या जाणाऱ्या आजारांत झाला. तेव्हापासून व्हिएतनाममध्ये सेवा केलेल्या मधुमेही सैनिकाला हा संबंध स्वतः सिद्ध करावा लागत नाही. अशा मान्य आजारातून दुसरा आजार उद्भवला किंवा आधीचा दुसरा आजार त्यामुळे बळावला, तर त्याचीही भरपाई मिळते. पुरावा दोन्ही बाजूंनी समसमान असेल, तर संशयाचा फायदा सैनिकाला द्यावा, असे कायदा सांगतो.

आता शरीराकडे वळू. शिश्नामध्ये लांबीच्या दिशेने दोन स्पंजासारखे दंडगोल असतात. त्यांतल्या पोकळ्यांच्या आणि धमन्यांच्या भिंतींत अनैच्छिक स्नायू असतात, आणि ते एरवी आकुंचन पावलेलेच असतात. म्हणजे शिथिल अवस्था ही विश्रांतीची अवस्था वाटत असली, तरी तिच्यात हे स्नायू कामावर असतात, आणि ताठरता येते ती हे स्नायू सैल पडल्यामुळे. उत्तेजनेच्या वेळी मज्जारज्जूच्या खालच्या भागातून निघालेल्या चेतांची (नर्व्हजची) टोके नायट्रिक ऑक्साइड हा वायू सोडतात. एक नायट्रोजन आणि एक ऑक्सिजन एवढाच त्याचा रेणू. पण तो स्नायुपेशीत सहज शिरतो आणि तिथल्या एका विकराला (एन्झाइमला) जागे करतो. ते विकर सायक्लिक जीएमपी नावाचा संदेशवाहक रेणू तयार करते, त्याच्या प्रभावाने पेशीतील कॅल्शियमची पातळी घटते आणि स्नायू सैलावतो. धमन्या रुंदावतात, पोकळ्या रक्ताने भरतात, आणि टायरच्या आत ट्यूब फुगावी तसे दंडगोल बाहेरच्या चिवट आवरणावर दाबले जातात. या दाबात रक्त बाहेर नेणाऱ्या शिरा चेपल्या जातात आणि आत आलेले रक्त आतच राहते. चेतांनी केवळ सुरुवात करून दिलेली असते. पुढे वाहत्या रक्ताच्या घर्षणाने रक्तवाहिन्यांचे आतले अस्तर स्वतःच नायट्रिक ऑक्साइड तयार करत राहते आणि ताठरता टिकते. रक्तवाहिन्यांवरील या वायूच्या कार्याच्या शोधासाठी फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद यांना १९९८ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

नायट्रिक ऑक्साइड बनवणाऱ्या विकराला तीन गोष्टी लागतात: आर्जिनिन हे अमिनो आम्ल, ऑक्सिजन आणि एनएडीपीएच हा सहायक रेणू. मधुमेहाचा घाला नेमका इथे पडतो. रक्तातील साखर सतत चढी राहिली, की पेशी जादा ग्लुकोजचे रूपांतर सॉर्बिटॉलमध्ये करू लागतात, आणि त्या कामात तोच एनएडीपीएच खर्ची पडतो. दुसरीकडे, साखरेच्या माऱ्याने पेशींत सुपरऑक्साइड नावाचे आक्रमक रेणू वाढतात. सुपरऑक्साइड आणि नायट्रिक ऑक्साइड समोरासमोर आले, की त्यांची अभिक्रिया विलक्षण वेगाने होते आणि पेरॉक्सिनायट्राइट हा हानिकारक पदार्थ उरतो. म्हणजे आधीच कमी बनलेला वायू काम करण्यापूर्वीच संपतो. शिवाय हळूहळू चेता झिजतात आणि अस्तर निकामी होते. मधुमेहींना सिल्डेनाफिलचा, म्हणजे व्हायग्रातील औषधाचा, गुण कमी येतो त्याचे कारणही हेच आहे. हे औषध सायक्लिक जीएमपीचे विघटन रोखते; मुळात नायट्रिक ऑक्साइडच नसेल, तर जपायला सायक्लिक जीएमपी तरी कुठून येणार?

वय वाढते तसा रक्तवाहिन्यांचा आणि चेतांचा ऱ्हास होतो, हे खरे आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात झालेल्या आणि १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीत ४० ते ७० वयाच्या सुमारे ५२ टक्के पुरुषांनी कमी-अधिक तक्रार नोंदवली होती. परंतु त्याच पाहणीत, वयाचा हिशेब वेगळा केल्यानंतरही, ताठरता पूर्णपणे गमावलेल्यांचे प्रमाण सर्व पुरुषांत ९.६ टक्के आणि मधुमेहावर उपचार घेणाऱ्यांत २८ टक्के आढळले. वय, मधुमेह, रक्तदाब आणि धूम्रपान हे सारे नायट्रिक ऑक्साइडच्या याच मार्गावर येऊन आदळतात. त्यांतले एकच कारण उचलून बाकीच्यांना निर्दोष ठरवायचे, तर त्यासाठी स्वतंत्र कारणमीमांसा द्यावी लागते, आणि ‘वयामुळे’ या एका शब्दात ती नसते.

तारखांचा आक्षेपही असाच फसवा आहे. ताठरतेची तक्रार मधुमेहाच्या निदानाआधीची आहे, म्हणून संबंध नाही, असे लिहिले जाते. टाइप २ मधुमेह निदान होण्यापूर्वी अनेक वर्षे गुपचूप काम करत असतो, आणि कित्येकांत ताठरतेची तक्रार हीच त्याची पहिली खूण असते. शिवाय आजार आधीचा असला, तरी मधुमेहाने तो बळावला का, हा प्रश्न उरतोच. केवळ या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर दिलेले नाही म्हणून मंडळ कितीतरी प्रकरणे नव्या अभिप्रायासाठी परत पाठवते. सत्तरी ओलांडलेल्या अर्जदाराच्या आयुष्यातील महिनोन्‌महिने त्यात जातात, याची मला मनापासून चीड येते.

इथे आपल्याकडील एका गैरसमजाबद्दलही बोलायला हवे. तरुणपणीच्या हस्तमैथुनाने किंवा स्वप्नदोषाने ‘शक्ती’ जाते, या समजुतीला काडीचाही वैज्ञानिक आधार नाही. तिच्या जोरावर भिंतीभिंतींवर जाहिराती रंगवणारे लोक मधुमेह तपासायला सांगत नाहीत, चूर्ण विकतात. ‘नैसर्गिक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या अशा अनेक उत्पादनांत लपवून मिसळलेले सिल्डेनाफिल अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाला सापडलेले आहे. छातीदुखीसाठी नायट्रेटची गोळी घेणाऱ्याचा रक्तदाब या मिश्रणाने जिवावर बेतेल इतका खाली येऊ शकतो.

मधुमेहाखेरीज आणखी एक वाट या अपिलांत दिसते, ती युद्धाच्या मानसिक आघाताची. सततच्या सावधतेत नॉरॲड्रिनॅलिन या ताणाच्या वेळी स्रवणाऱ्या रसायनाचा प्रभाव वाढतो आणि ते त्याच स्नायूंना आवळून धरते. आघातावर दिल्या जाणाऱ्या सिरोटोनिन वाढवणाऱ्या औषधांचे लैंगिक दुष्परिणामही सर्वज्ञात आहेत. सेवेमुळे झालेल्या आजारावरील औषधाचा दुष्परिणामही भरपाईस पात्र ठरू शकतो.

नोव्हेंबर २०२१ पासून या विकाराचे अपंगत्व शून्य टक्के धरले जाते. मात्र जननेंद्रियाचा उपयोग गमावल्याबद्दल वेगळी विशेष मासिक भरपाई मिळते. २०२५ मध्ये ती सुमारे १३६ डॉलर होती. ऑगस्ट २०२२ च्या ‘पॅक्ट’ कायद्याने एजंट ऑरेंजशी संबंधित मानल्या जाणाऱ्या आजारांत उच्च रक्तदाबाचीही भर पडली. त्यामुळे ‘कारण मधुमेह नसून रक्तदाब आहे’ या अभिप्रायाने आता व्हिएतनाममधील सैनिकाचा दावा आपोआप बुडत नाही. उलट त्याला दुसरा आधार मिळू शकतो. नकाराच्या निर्णयपत्राच्या तारखेपासून एका वर्षाच्या आत नव्या वैद्यकीय अभिप्रायासह पुरवणी दावा दाखल केला, तर मूळ दाव्याची तारीख टिकून राहते. त्या अभिप्रायात मधुमेह किती वर्षांचा, साखर किती काळ चढी होती, चेतांना इजा झाल्याची लक्षणे आहेत का हे पाहून, मधुमेहाने हा विकार निर्माण केला की आधीचा बळावला, या दोन्ही शक्यतांचा कारणांसह विचार झालेला असावा लागतो.