घरातलं वायफाय वायरपेक्षा स्लो का: थोडी पार्श्वभूमी

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात गेल्या काही वर्षांत केबलवाल्यांनी खांबाखांबावरून फायबर ओढून घरोघरी नेलं आणि तेव्हापासून एकच तक्रार कानावर येतेय. प्लॅन शंभर एमबीपीएसचा घेतलाय, लॅपटॉपला वायर लावून स्पीड टेस्ट केली की ९४ दाखवतंय, आणि मोबाइलवर तेच तीस-चाळीसच्या वर जाईना झालंय. नेटवाल्याला फोन लावला की तो म्हणतो आमच्या साइडनं सगळं बरोबर आहे, आणि आपल्याला वाटतं हा टोलवतोय. बऱ्याचदा तो खरंच सांगत असतो. फरक घराच्या आत पडतोय, आणि तो का पडतो हे कळायला थोडं मागं जावं लागतंय.

मागं गेलं की पहिली गोष्ट ही दिसते की ही तक्रारच मुळात नवीन आहे. २००५ मध्ये सरकारी टेलिफोन कंपनीनं तांब्याच्या लँडलाइनवरून ब्रॉडबँड द्यायला सुरुवात केली तेव्हा ब्रॉडबँड कशाला म्हणायचं तर २५६ केबीपीएसला, म्हणजे एका एमबीपीएसच्या साधारण पाव भागाला, २००४ च्या धोरणात तसंच लिहिलं होतं. (२०१३ मध्ये ते ५१२ झालं आणि २ एमबीपीएसपर्यंत यायला २०२३ उजाडलं.) ज्यांनी ते दिवस काढलेत त्यांना रात्री दोन ते सकाळी आठचं फुकट डाउनलोड आठवत असेल, कॉम्प्युटर चालू ठेवून झोपायचं आणि सकाळी उठून किती टक्के झालं ते बघायचं. पुढे प्लॅन २ एमबीपीएसचे झाले. त्याच सुमारास अँटेनावाले मॉडेम घरात यायला लागले आणि त्यांच्या डब्यावर ५४ एमबीपीएस असं लिहिलेलं असायचं. त्या ५४ मधले हातात खरे वीस-बावीस यायचे, पण वायरमधून येतच होते दोन! म्हणजे वायफाय तेव्हा वायरच्या दहापट मोकळं होतं, आणि ते स्लो आहे असं कुणाला वाटायचं कारणच नव्हतं. त्रास व्हायचा तो सगळा बाहेरच्या लाइनचा. आपल्याकडचा पाऊस माहितीच आहे, खानापूरच्या बाजूला तर विचारूच नका, जोडात पाणी शिरलं की फोनमध्ये खरखर आणि नेट गायब, मग लाइनमन येईपर्यंत थांबायचं.

मला वाटतं आजच्या गैरसमजाचं मूळ इथंच आहे. दहा-बारा वर्षं दोष खरोखरच वायरमध्ये होता, त्यामुळं नेट अडकलं की बाहेरच्या कंपनीकडं बोट दाखवायची सवय लागली. मग फायबर आलं आणि वायर एका झटक्यात दोनवरून शंभरवर गेली, पन्नासपट, पण घरातली हवा मात्र होती तशीच राहिली. कनेक्शनबरोबर फुकट मिळालेला बॉक्स बऱ्याच ठिकाणी फक्त २.४ गिगाहर्ट्झवाला होता (वायफायचा जुना रेडिओ पट्टा, त्यालाच बँड म्हणतात), हातातले स्वस्त मोबाइलही बहुतेक त्याच बँडवर चालणारे, एका अँटेनाचे, ज्यांचा कागदावरचा जास्तीत जास्त स्पीड ७२ एमबीपीएस आणि प्रत्यक्षातला त्याच्या साधारण निम्मा. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये पुण्या-बेंगळुरूची पोरं लॅपटॉप घेऊन गावी आली, एकाच घरात दोन मीटिंगा आणि एक ऑनलाइन शाळा सुरू झाली, आणि हे सगळं उघडं पडलं.

आता मूळ प्रश्न. वायर पन्नासपट पुढे जाऊ शकते तर हवेला काय झालंय?

याचं उत्तर १९७१ पर्यंत जातंय. हवाई बेटांवरच्या विद्यापीठानं बेटाबेटांवरचे कॉम्प्युटर रेडिओनं जोडले. सगळी बेटं एकाच फ्रिक्वेन्सीवरून पाठवायची, दोघांनी एकदम पाठवलं की दोघांचंही वाया जायचं, मग थोडं थांबून परत पाठवायचं. दोन वर्षांनी कॅलिफोर्नियात हीच कल्पना केबलमध्ये घातली गेली आणि इथरनेट तयार झालं. म्हणजे सुरुवातीला वायरसुद्धा सामायिकच होती, एका वेळी एकानंच बोलायचं. आपल्याकडच्या सायबर कॅफेतसुद्धा हब असायचे, म्हणजे एकाचं आलेलं सगळ्यांकडं पाठवणारे डबे, एकानं मोठी फाइल लावली की बाकीच्या सगळ्या केबिनमधून ओरडा. मग स्विच, म्हणजे ज्याचं त्यालाच पोचवणारे डबे, स्वस्त झाले आणि वायरची सुटका झाली, प्रत्येक मशीनला तिची स्वतःची वायर, आणि त्या वायरीत जायच्या जोड्या वेगळ्या, यायच्या वेगळ्या, त्यामुळं दोन्ही बाजूंनी एकाच वेळी फुल स्पीड. १९९५ ला शंभर एमबीपीएस, १९९९ ला साध्या तांब्याच्या वायरीवर एक गिगाबिट. टक्कर हा प्रकारच संपला.

हवेला असा स्विच बसवता येत नाही. एका चॅनलवरची (चॅनल म्हणजे रेडिओ पट्ट्यातला एक तुकडा) हवा एकच असते, ती आपल्या घरातल्या सगळ्या डिव्हाइसमध्ये वाटली जाते आणि शेजाऱ्यांच्याही. शिवाय रेडिओ स्वतः पाठवत असताना त्याचाच आवाज त्याला इतका मोठा असतो की दुसरा कुणी बोलतोय का हे त्याला ऐकूच येत नाही, म्हणून वायफायला टक्कर झाल्यावर ओळखता येत नाही, ती आधीच टाळावी लागते. आधी ऐकायचं, कुणी नाही ना बघायचं, थोडा वेळ उगाच थांबायचं, मग पाठवायचं, मग समोरून पोचलं अशी पावती येईपर्यंत परत थांबायचं. या थांबण्यातच कागदावरच्या स्पीडचा पन्नास-साठ टक्के भाग जातो. ५४ चे बावीस होतात ते असे. यात कुणाची चोरी नाही.

त्यात जागा मिळाली ती कुठली, तर मायक्रोवेव्ह ओव्हनसारख्या यंत्रांसाठी सोडलेली. १९८५ मध्ये अमेरिकेच्या नियामकानं असे काही पट्टे लायसन्सशिवाय वापरायला मोकळे केले आणि त्याच पट्ट्यात १९९७ ला वायफायचं पहिलं स्टँडर्ड आलं, १ आणि २ एमबीपीएसचं. आपल्याकडं २.४ गिगाहर्ट्झ जानेवारी २००५ मध्ये लायसन्समुक्त झाला. हा सगळा पट्टा मिळून ८३.५ मेगाहर्ट्झ, त्यात एकमेकांना न घासणारे चॅनल तीनच, १, ६ आणि ११. शहापूर-वडगावसारख्या भिंतीला भिंत लागलेल्या गल्लीत मोबाइलवर वायफायची लिस्ट उघडून बघा, दहा-पंधरा नावं तरी दिसतील, त्यातली २.४ वाली सगळी या तीन चॅनलच्या जागेत बसलेली असतात, ब्लूटूथ त्यातच, ओव्हन त्यातच.

आणि जुन्याला सोडायचं नाही हा पहिल्यापासूनचा हट्ट. १९९९, २००३, २००९, दर वेळी नवीन स्टँडर्ड आलं पण जुना मोबाइल, जुना प्रिंटर चाललाच पाहिजे असं धरून आलं. लोकांच्या खिशाचा विचार केला तर ते बरोबरच होतं, पण त्याची किंमत आजही मोजली जातेय. बरेच राउटर सेकंदाला सुमारे दहा वेळा आपलं नाव जाहीर करतात ते अजून १ एमबीपीएसनं करतात, कारण सगळ्यात जुन्या डिव्हाइसलाही ते समजायला हवं. शिवाय जुन्या पद्धतीत प्रत्येकाला पाळी सारखी मिळते, वेळ सारखा नाही. रेशनच्या रांगेत नंबर एकेकच असतो पण एखादा काउंटरवर अर्धा तास उभा राहतो, तसं. १५०० बाइटचं एक पॅकेट, म्हणजे डेटाचा एक तुकडा, ७२ एमबीपीएसनं पाठवायला एक-षष्ठांश मिलिसेकंद लागतो आणि १ एमबीपीएसनं बारा मिलिसेकंद. परसातल्या खोलीत लांब पडलेला एक जुना फोन व्हिडिओ बघत बसला की राउटरच्या शेजारी बसलेल्या माणसाचाही स्पीड पडतो, आणि तो बिचारा नेटवाल्याला फोन लावतो.

५ गिगाहर्ट्झच्या दुसऱ्या पट्ट्यानं यातलं बरंच सोपं केलं. आपल्याकडं तो आधी बराचसा घराच्या आत, कमी ताकदीवर असाच होता, ऑक्टोबर २०१८ मध्ये एकूण ६०५ मेगाहर्ट्झ घरात आणि बाहेर दोन्हीकडं मोकळे झाले. ज्याला परवडतंय त्यानं ड्युअल बँड, म्हणजे २.४ आणि ५ दोन्हीवर चालणारा, राउटर घ्यावा हे मी सगळ्यांना सांगतो. पण डब्यावर १२०० बघून फसू नका, ते २.४ चे ३०० आणि ५ चे ८६७ यांची बेरीज करून गोल केलेला आकडा असतो आणि एका मोबाइलला एका वेळी त्यातला एकच बँड मिळतो. काही डब्यांवर १२०० आणि मागचे पोर्ट मात्र १०० चे, म्हणजे वायरनंच शंभराच्या वर आत येणार नाही, हे छापताना कुणाला काही वाटत नसेल का! दुसरी अडचण भिंतींची. ५ गिगाहर्ट्झ भिंतीत जास्त अडकतो. जुन्या घरांच्या जाड दगडी भिंती, खानापूरकडचा जांभा, जो पावसाळ्यात पाणी धरून ठेवतो आणि पाणी या लहरी खातं, नवीन घरात स्लॅबमधलं लोखंड. पुढच्या खोलीत तीनशे आणि स्वयंपाकघरात वीस असं होतं ते यानं.

आता ६ गिगाहर्ट्झ या तिसऱ्या पट्ट्याचं प्रकरण, ज्यावर मला वाटतं आपल्याकडं पुरेसं बोललंच गेलं नाही. अमेरिकेनं एप्रिल २०२० मध्ये ५९२५ ते ७१२५ असे सलग १२०० मेगाहर्ट्झ वायफायला देऊन टाकले. युरोपनं २०२१ मध्ये खालचा साधारण ५०० चा भाग दिला. याचा खरा फायदा फक्त जागेचा नाही, तिथं जुनं डिव्हाइसच नाही, १ एमबीपीएसवाला कुणी तिथं येऊच शकत नाही, म्हणजे वर सांगितलेलं सगळं ओझं पहिल्यांदाच उतरतं. आपल्याकडं मात्र वर्षानुवर्षं वाद. मोबाइल कंपन्यांचं म्हणणं की हा पट्टा ५जी आणि पुढच्यासाठी लागणार, आम्ही लिलावात पैसे मोजून घेतो, मग दुसऱ्याला फुकट का. इंटरनेट आणि उपकरणांच्या कंपन्यांचं म्हणणं की मोबाइलचाही बराच डेटा घरात बसूनच वापरला जातो, तो वायफायवर गेला तर टॉवरचाच भार कमी होईल. शिवाय उपग्रहांकडं सिग्नल पाठवायला यातलाच भाग वापरतात, त्यांना त्रास नको हाही मुद्दा होता, आणि तो खोटा नव्हता. शेवटी मे २०२५ मध्ये नियमांचा मसुदा आला तो खालच्या ५०० मेगाहर्ट्झचा, घरात कमी ताकद, बाहेर अगदीच कमी ताकद, गाडीत आणि ड्रोनवर बंदी. ५०० मध्ये १६० मेगाहर्ट्झचे तीन चॅनल बसतात, १२०० मध्ये सात. वायफाय ७ या नव्या स्टँडर्डचा जो ३२० चा रुंद चॅनल जाहिरातीत दाखवतात तो ५०० मध्ये एकच बसतो, म्हणजे शेजारी दोघांनी घेतला की परत वाटणी आलीच.

लिलावातून सरकारला पैसे मिळतात हे मान्य, पण २००५ मध्ये २.४ फुकट सोडला म्हणूनच साध्या घरांपर्यंत वायफाय पोचलं हे या चर्चेत कुणी जोरात मांडलं नाही, आणि अमेरिकेच्या निर्णयानंतर मसुदा यायलाच आपल्याकडं पाच वर्षं गेली. तोवर लोकांनी तीनशेचे, पाचशेचे प्लॅन घेतले आणि ते जुन्याच दोन बँडमध्ये कोंबून वापरले.

अर्थात ६ गिगाहर्ट्झ भिंतीत ५ पेक्षाही थोडा जास्तच अडकतो, त्यामुळं तो राउटर ज्या खोलीत आहे त्या खोलीपुरता धरावा. मधल्या खोलीत रिपीटर लावायचा सल्ला सर्रास दिला जातो, पण स्वस्त रिपीटर एकाच रेडिओनं ऐकतो आणि त्यावरच परत बोलतो, म्हणजे प्रत्येक पॅकेट हवेतून दोनदा, स्पीड सरळ निम्मा. त्यापेक्षा वायर ओढून दुसऱ्या टोकाला दुसरा राउटर बसवलेला कधीही चांगला. टीव्ही आणि कॉम्प्युटर जागचे हलत नाहीत, त्यांना वायरच द्यावी, तेवढीच हवा मोबाइलसाठी मोकळी होते. नवीन घर बांधणाऱ्यांनी स्लॅबच्या आधीच इलेक्ट्रिशियनला सांगून प्रत्येक खोलीत लॅनसाठी, म्हणजे नेटच्या वायरीसाठी, वेगळा पाइप टाकून घ्यावा, लाइटच्या वायरीच्या पाइपातून ती ओढू देऊ नये, आणि वायर पूर्ण तांब्याची घ्यावी, आठही तारा नीट जोडलेल्या, कारण त्यातली एक जरी तुटली तरी गिगाबिटचं कनेक्शन शंभरवर येतं किंवा बंदच पडतं.